जातो म्हणू नये

१

पद्मिनीनं आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फटक्यात घेतली नव्हती. नवरा सोडून, असं ती स्वतःच सांगायची, आणि अतुल शेजारी बसलेला असला तर मुद्दाम सांगायची. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या बाहेर, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती वीस वर्षं क्वालिटीत होती. दिवसभर दुसऱ्याच्या मालातली खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. नागपूरच्या माणसाला याहून मनासारखी नोकरी कुठली मिळणार, असं अतुल म्हणायचा. अतुल पुण्याचा, तेव्हा त्यानं तर बोलूच नये.

तिचा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला होता. उजवा ठणठणीत. एका कानाचं एक होतं, आवाज ऐकू यायचा पण कुठून आला ते कळायचं नाही. अतुलनं "आलो गं, चहा टाक" म्हटलं की तो गराजच्या दारातून बोलतोय की जिन्यातून, हे तिला वळून बघावं लागायचं. त्याची भरपाई तिनं डोळ्यांनी केली होती. ती ओठ वाचायची. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत शंभर माणसं एकदम बोलत असली, तरी हॉलच्या त्या टोकाला कोण कोणाच्या सुनेबद्दल काय म्हणतंय ते पद्मिनीला इथे बसून कळायचं. तिच्या समोर कुजबुजण्यात अर्थ नाही हे आता सगळ्यांना माहीत होतं.

तर अशा बाईकडे दुर्बीण निवडायचं काम आलं. दुर्बीण अतुलसाठी, आणि ती शिकारीला. हो, शिकारीला. ज्यानं आजवर झुरळ मारायलासुद्धा बायकोला हाक मारली तो माणूस पन्नाशीत हरणाच्या मागे लागला होता, आणि पद्मिनी त्याला अडवत नव्हती. त्याला कारण होतं.

मागच्या वर्षी अतुलची नोकरी गेली. माणसांच्या नोकऱ्या जातात, पुन्हा लागतात, पण अतुल खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसला तो सात महिने बसला. दाढी वाढली. विचारलं तर मान हलवायचा. पद्मिनीनं सगळं करून पाहिलं, रागावून, रडून, डॉक्टरकडे नेऊन. मग एका रविवारी मंडळातल्या सुहासिनीताईंचा मुलगा ऋषी आला. ऋषी इथेच जन्मलेला, झाडं छाटायचा त्याचा धंदा, आणि सोळाव्या वर्षापासून शिकार करणारा. "काका, कम ऑन, वॉकला जाऊ," म्हणत त्यानं अतुलला दंडाला धरून मागच्या रानात नेलं. दोन तासांनी अतुल चिखलाचे बूट घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आलो गं. भूक लागली." सात महिन्यांत तो पहिल्यांदा भूक लागली म्हणाला होता. पद्मिनीनं तोंड फिरवून पोळ्या लाटल्या, कारण डोळ्यांतलं पाणी त्याला दाखवायचं नव्हतं.

नवरा तिला त्या रानातून परत मिळाला होता. तेव्हा तो तिथे जाऊन बसणार असेल तर त्याच्या गळ्यात चांगली दुर्बीण असायला हवी, एवढाच तिचा हिशेब होता.

२

"काकू, मोठा नंबर बघून फसू नका," ऋषीनं आधीच बजावलं. "लोक ट्वेल्व्ह घेतात, झूमवालं घेतात. हात हलतो, सगळं हलतं. दोनशे डॉलरमध्ये एट बाय फॉर्टी-टू घ्या. डन."

डन म्हणून काम संपत असतं तर पद्मिनी कशाला हवी होती? तिनं आठवडाभर अभ्यास केला. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठानं भागलं की सव्वापाच, तेवढा उजेडाचा ठिपका डोळ्यात पडतो. दहाची घेतली की तोच ठिपका चारवर येतो. हरणं बाहेर पडतात झुंजूमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला, म्हणजे उजेड कमी, म्हणजे ठिपका मोठा हवा. अतुलला चष्मा, तेव्हा डोळा भिंगापासून थोडा लांब राहिला तरी चित्र पूर्ण दिसायला हवं. आत ओल शिरून धुकं धरता कामा नये. आणि पैसे मोजायचे ते काचेचे, वरच्या रबराचे आणि चकचकीत पिशवीचे नाहीत.

हे सगळं ठरवून तिनं तीन दुर्बिणी मागवल्या. आठची एक, दहाची एक आणि बारा बाय पन्नासची एक, ती कोणीतरी परत केलेली म्हणून स्वस्तात. तिन्ही तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. घरी तपासायच्या, एक ठेवायची, दोन परत पाठवायच्या. मुदत पंचेचाळीस दिवसांची. अतुल म्हणाला, "अगं, ऋषीनं सांगितलंय ना आठची घे." ती म्हणाली, "ऋषीनं सांगितलं म्हणून भाजीसुद्धा घेत नाही मी."

खोकी आली त्या दिवशी ऋषी अतुलला नारिंगी जॅकेट द्यायला आला होता. बंदुकीच्या सीझनमध्ये अंगावर असा भडक नारिंगी रंग असायलाच हवा, कायदाच आहे तसा, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबून माणूस दिसतो. चहा झाला, चिवडा झाला, आणि ऋषी उठला.

"चला काकू, मी जातो."

"येतो म्हण."

"बट आय ॲम गोइंग."

"हो, पण जातो म्हणू नये. येतो म्हणायचं."

"काकू, इट्स लिटरली द ऑपोझिट. तुम्ही कमिंग म्हणता आणि निघून जाता. समोरच्याला कसं कळणार?"

"समोरच्याला बरोबर कळतं," पद्मिनी म्हणाली. "जातो म्हणून जातो तो परत येत नाही. माझ्या सासूबाई तर अतुलला दारातून मागे बोलवायच्या. खाली बस, पाणी पी आणि नीट येतो म्हणून जा."

"ओके, ओके. येतो," ऋषी हसत म्हणाला.

"ये," पद्मिनी म्हणाली, आणि तो गेला.

३

शनिवारी दुपारी चारला तिनं तिन्ही दुर्बिणी मागच्या डेकवर मांडल्या. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. घरामागे हिरवळ, हिरवळीपलीकडे कापणी झालेलं सोयाबीनचं शेत, आणि शेताच्या टोकाला, चारेकशे यार्डांवर, रान. शेत आणि रान एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. त्यानं शिकारीची परवानगी ऋषी आणि अतुल या दोघांनाच दिली होती.

तिनं वही काढली. लांबच्या गाडीची नंबरप्लेट, शेजाऱ्याच्या धुराड्याच्या विटा, खांबावरची तार. बाराच्या दुर्बिणीत तारेच्या कडेला जांभळी झाक होती आणि हात इतका हलत होता की विटा नाचायला लागल्या. फुली. दहाची बरी. आठची स्वच्छ, स्थिर, डोळ्याला गार. ऋषीचं बरोबर होतं, पण ते त्याला सांगायची गरज नव्हती.

मग तिनं आठची रानाच्या कडेवर लावली. तिथे ओकचं एक जुनं झाड होतं, तांबूस पानं अजून धरून उभं. त्याच्या बुंध्याशी एक माणूस बसला होता. नारिंगी जॅकेट, नारिंगी टोपी, हात मांडीवर, तोंड रानाकडे.

"अतुल, तुझ्या रानात कोणीतरी बसलंय," ती म्हणाली.

अतुल गराजमध्ये होता, त्याला ऐकू गेलं नाही. पद्मिनीनं दुर्बीण खाली केली. शेत दिसलं, रान दिसलं, ओक दिसला. नारिंगी काही दिसेना. हा रंग चारशे यार्डांवरून साध्या डोळ्यांना दिसावा म्हणून तर बनवलेला असतो. तिनं दुर्बीण वर केली. माणूस बसलेला होता.

ऊन डोळ्यांवर येतंय, ती मनाशी म्हणाली, आणि दहाची उचलली.

४

आठच्या दुर्बिणीत त्या माणसाची टोपी ओकच्या पहिल्या फांदीला टेकत होती. दहाच्या दुर्बिणीत झाड मोठं झालं, फांदी वर गेली, सालीच्या भेगा दिसायला लागल्या. माणूस मात्र होता तेवढाच. त्याची टोपी फांदीच्या हातभर खाली राहिली.

बाराच्या दुर्बिणीत झाड आणखी मोठं झालं. माणूस तेवढाच. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याएवढा, तिन्हीत, केसभर कमी नाही की जास्त नाही.

दुसरी कोणी असती तर आत गेली असती. पद्मिनीनं वहीत लिहिलं, तिन्ही नगांत समान दोष, आणि विचार करत बसली. भिंगाच्या आत कधीकधी उजेड परत फिरतो आणि नसलेला ठिपका दिसतो, हे तिनं वाचलं होतं. नारिंगी ठिपका असेल. पण ठिपक्याला हात कसे असतील, टोपी कशी असेल, हा पुढचा प्रश्न तिनं जरा बाजूला ठेवला.

मग तिला एक गोष्ट सुचली. लहानपणी जत्रेतली प्लास्टिकची दुर्बीण हातात आली की सगळी मुलं करतात ती. तिनं आठची दुर्बीण उलटी धरली आणि मोठ्या बाजूनं आत पाहिलं. शेत पाटाएवढं झालं. रान म्हणजे हिरव्या-तांबड्या दोऱ्याची एक ओळ. ओक तर शोधावा लागला, कोथिंबिरीच्या काडीएवढा उरला होता.

त्याच्यापुढे माणूस बसला होता. अंगठ्याएवढा. झाडाच्या कितीतरी वर त्याची टोपी आली होती.

पद्मिनीनं दुर्बीण खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि आत जाऊन हात धुतले. हात का धुतले, ते तिला सांगता आलं नसतं.

५

कारखान्यात तिचा एक नियम होता आणि नव्या पोरांना ती पहिल्या दिवशी तो शिकवायची. एका नगात खोट दिसली तर नग तपासा. तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या तीन नगांत एकच खोट दिसली, तर तपासणाऱ्याला तपासा.

तेव्हा सोमवारी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, भिंतीवरची अक्षरं वाचली, पडदे बघून झाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत, या वयात डोळ्यासमोर थोडे ठिपके तरंगतात, त्याला घाबरायचं नसतं. पद्मिनी खूश झाली. तरंगणारा ठिपका डोळ्यातच असतो, मग भिंग कितीचंही लावा, तो तेवढाच दिसणार. उलटं धरा, सुलटं धरा, काही फरक नाही. सगळं जुळलं. नारिंगी का, तर तो रंग घरात सगळीकडे झाला होता, खुर्चीवर जॅकेट, खुंटीवर टोपी.

तरी तिनं ऋषीला फोन केला. "त्या ओकखाली कोणी बसतं का रे?"

"नो वन, काकू. पर्मिशन फक्त आम्हाला आहे. का?"

"सहज."

ऋषी कामाचा मुलगा. दुसऱ्या दिवशी तो जाऊन बघून आला. गवत दबलेलं नव्हतं, पाऊल नव्हतं, काडतुसाचं टरफल नव्हतं. "देअर्स नथिंग," त्यानं सांगितलं. "आणि काकांचा ब्लाइंड तर पलीकडे आहे, नाल्याच्या त्या बाजूला. तिथून घर पण दिसत नाही." ब्लाइंड म्हणजे शिकाऱ्यानं दडून बसायची खोपटी, त्या दोघांनी मिळून बांधलेली.

अतुलला यातलं काही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं. सांगितलं असतं तर तो हसला असता. किंवा हसला नसता, आणि मग रानात गेला नसता, आणि खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसला असता. त्या जिन्याची तिला अजून भीती वाटायची. रानाची वाटत नव्हती.

६

दुर्बिणींची मुदत चालू होती आणि सांजेच्या उजेडातली परीक्षा राहिली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा डेकवर बसली. घड्याळं तासभर मागे गेली होती, पाचलाच अंधारून येत होतं. तिनं आठ आणि दहा आलटून पालटून लावल्या. दहाच्या दुर्बिणीत बुंधे एकमेकांत मिसळायला लागले होते, आठच्यात अजून सुटे दिसत होते. तिनं ओकही टाळला नाही. घाबरून अर्धी परीक्षा घेणाऱ्यातली ती नव्हती.

माणूस उभा होता. आणि या वेळी त्याचं तोंड घराकडे होतं.

टोपीच्या सावलीत चेहरा दिसत नव्हता, फक्त नाकाखालचा भाग. हनुवटी आणि ओठ. ओठ हलले. आधी ते दोन्ही बाजूंना ताणले गेले, मग गोल झाले. थांबले. पुन्हा ताणले, पुन्हा गोल.

पन्नास वर्षांची सवय कोणाची सुटते? डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्यात शब्द उमटला. येतो.

पद्मिनीला हायसं वाटलं. हो, पहिल्यांदा तिला हायसंच वाटलं. कोणीतरी आपलाच माणूस होता, निघाला होता, आणि निघताना रीत म्हणून सांगत होता. समोरच्याला बरोबर कळतं. आणि दारातून निघालेल्या प्रत्येक पाहुण्याला ती जे म्हणत आली होती तेच तिच्या तोंडून गेलं, विचार करायला वेळच मिळाला नाही.

"या," ती म्हणाली.

माणूस दिसेनासा झाला. ओक तेवढा राहिला. आठच्या दुर्बिणीत, दहाच्या दुर्बिणीत, नुसता ओक.

७

रात्री जेवताना तिनं अतुलला सांगितलं, पण थट्टेच्या सुरात. मापाचं नाही सांगितलं. रानाच्या कडेला एक शिकारी दिसला आणि तो येतो म्हणाला, एवढंच.

"मराठीत?" अतुलनं विचारलं.

"ओठांवरून वाटलं तसं."

"अगं, तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला असेल. 'येलो' वगैरे, पिवळ्या पानांबद्दल. ओठांना सगळं सारखंच." अतुल हसला, आणि आमटीत भात कालवत म्हणाला, "मिशिगनच्या रानात येतो म्हणणारा शिकारी. मंडळाचा मेंबर करून घे त्याला."

पद्मिनीही हसली. येलो, हे तिला एकदम पटलं. येलो म्हणताना ओठ असेच ताणतात आणि असेच गोल होतात. तिनं त्यानंतर रोज पाहिलं, आठवडाभर, सकाळी चहाबरोबर आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर. ओकखाली कोणी नव्हतं. जो कोणी होता तो येतो म्हणून गेला होता. किंवा डोळ्यातला ठिपका जिरला होता. तिला दोन्ही चालत होतं.

आठची दुर्बीण ठेवायची ठरली. दहाची आणि बाराची परत पाठवायला खोक्यात घालून स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिल्या.

पंधरा नोव्हेंबर, बंदुकीच्या सीझनचा पहिला दिवस. अतुलनं नुकत्याच लागलेल्या नव्या नोकरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. दुपारी अडीचला तो स्वयंपाकघरात उभा राहिला, नारिंगी जॅकेट, नारिंगी टोपी, खांद्यावर बंदूक, गळ्यात दुर्बीण. टोपीची शिवण उसवली होती ती पद्मिनीनं सकाळीच पांढऱ्या दोऱ्यानं घातली होती, नारिंगी दोरा घरात नव्हता म्हणून. तिनं दुर्बिणीचा पट्टा त्याच्या मापाचा केला, चष्म्यासाठी मागची रबरं दुमडून दिली. त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. या डोळ्यांसाठी तिनं सात महिने वाट पाहिली होती.

"ऋषी?"

"त्या टोकाला बसलाय, तिकडूनच गेला. अंधार पडला की दोघं परत. हरिण मिळालं तर ओढायला मदत लागेल हं."

"मी येणार नाही ओढायला."

"येतो गं," अतुल म्हणाला.

"ये," ती म्हणाली.

तो शेताच्या कडेकडेनं गेला. साध्या डोळ्यांना तो नारिंगी ठिपका रानात शिरेपर्यंत स्वच्छ दिसत होता, आणि जसजसा लांब गेला तसतसा लहान होत गेला. पद्मिनीनं ते समाधानानं पाहिलं. लांब गेलेला माणूस लहान दिसलाच पाहिजे.

८

पावणेपाचला गोळीचा आवाज आला. एकच. कुठून, ते तिला अर्थातच कळलं नाही. फोनवर ऋषीचा मेसेज पडला, इंग्रजीत: मी नाही. काकांना हरिण मिळालं वाटतं. मी निघालो त्यांच्याकडे.

पद्मिनीला आनंद झाला. पहिल्याच दिवशी. ती डेकवर गेली. उजेड अजून होता, पिवळसर, कमी होत चाललेला. साध्या डोळ्यांना रान नुसतं काळपट दिसत होतं. आठची अतुलकडे होती, म्हणून तिनं आत येऊन दहाचं खोकं फोडलं आणि बाहेर येऊन ती दुर्बीण सहज, कौतुकानं, रानाच्या कडेवर लावली.

ओकखाली अतुल उभा होता.

टोपीवर पांढऱ्या दोऱ्याची शिवण दिसत होती. गळ्यात दुर्बीण होती. चष्मा होता. ब्लाइंड तर नाल्यापलीकडे, इकडे कशाला आला हा? मदतीला बोलवायला आला असेल. तिनं हात हलवला. त्यानं हलवला नाही. तिनं दुर्बीण खाली केली. रान, शेत, ओक. नारिंगी कुठेच नाही.

तिला आता घाई झाली होती, पण चूक करायची नव्हती. तिनं आत जाऊन बाराची काढली. खोक्याची पट्टी निघेना तेव्हा दातांनी तोडली. बाहेर आली, कठड्यावर कोपर टेकवले म्हणजे हात हलू नये. ओकची साल मोठी झाली. भेगा रुंद झाल्या. पहिली फांदी वरच्या कडेबाहेर गेली.

अतुल होता तेवढाच होता. अंगठ्याएवढा.

त्याचे ओठ हलत होते. तोंड मोठं उघडत होतं, मग ओठ गोल होत होते. मोठं उघडायचं, गोल व्हायचं. येतोला तोंड एवढं उघडत नाही. कितीही मायेनं पाहिलं तरी उघडत नाही. पद्मिनीनं तीनदा वाचलं, कारण तिला दुसरं काहीतरी वाचायचं होतं.

जातो.

"येतो म्हण," ती मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "अतुल, असं नाही म्हणायचं. येतो म्हण."

तो तिच्याकडेच बघत होता. चष्म्यामागचे डोळे पाणावले होते, आणि ते डोळे तेच होते, तिला सात महिन्यांनी परत मिळालेले. त्यानं पुन्हा तोच शब्द म्हटला. समजावून सांगितल्यासारखा, सावकाश.

ओट्यावर फोन वाजायला लागला. ऋषी असणार. तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. आणि मग तो मध्येच बंद झाला, कोणीतरी बोट दाबून बंद करावा तसा.

"आलो," अतुलचा आवाज म्हणाला.

आवाज त्याचाच होता, थंडीतून आलेल्या माणसाचा, जरा बसलेला. गराजच्या दारातून, जिन्यातून, पाठीमागून, तिला कळायला मार्ग नव्हता. पुढे गं नव्हता. तीस वर्षांत आलोच्या पुढे गं नाही असं कधी झालं नव्हतं. स्वयंपाकघरातली खुर्ची मागे ओढली गेली आणि तिच्यावर कोणीतरी बसलं.

"तुम्ही या म्हणाला होतात ना," तो आवाज अदबीनं म्हणाला. "आलो."

पद्मिनी वळली नाही. वळायला दुर्बीण खाली करावी लागली असती, आणि दुर्बिणीबाहेर अतुल नव्हता. उजेड झपाट्यानं चालला होता. बाराच्या दुर्बिणीत बुंधे आता एकमेकांत मिसळायला लागले होते, साल दिसेनाशी झाली, फांद्या गेल्या, ओक गेला. पांढऱ्या दोऱ्याची शिवण तेवढी अजून दिसत होती. तिनं कोपर कठड्यावर घट्ट रोवले आणि हात हलू दिले नाहीत.

"येतो म्हण रे," ती म्हणाली. "एकदा येतो म्हण."